गच्चीचं कुलूप

आमच्या घरात प्रश्नांच्या दोन जाती होत्या. मोठी माणसं विचारत ती काळजी आणि मी विचारत असे तो भोचकपणा. कुठे गेली होतीस, बरोबर कोण होतं, एवढा वेळ का लागला, फोन कुणाचा होता, हे सगळं काळजीत मोडायचं. शेजारचे सरदारजी पगडी बांधताना कापडाचं एक टोक दातांत का धरतात, आत्याने लग्न का केलं नाही, बाबांच्या ऑफिसातल्या फायलींना लालच फीत का, हे विचारलं की मी भोचक. हा आईचा आवडता शब्द. पोळी लाटता लाटता, वर न बघता, स्वयंपाकघरात शिरू पाहणाऱ्या मांजराला हाकलावं तसा ती तो माझ्याकडे टाकायची आणि पुन्हा लाटण्याकडे वळायची. मी आता पन्नाशीला टेकले आहे. त्या वर्षाबद्दल लिहायला बसले की अजूनही पेन कागदात रुततं, खालच्या दोन पानांपर्यंत अक्षर उमटतं. लोक म्हणतात, वयाबरोबर राग निवतो. माझा निवलेला नाही आणि तो निवावा अशी माझी इच्छाही नाही.

आम्ही तेव्हा नुकते पहाडगंजातून द्वारकेला राहायला आलो होतो. पहाडगंजात आमच्या दोन खोल्या होत्या, खाली सुतळी आणि पॅकिंगच्या सामानाचं ठोक दुकान. दिवसभर हातगाड्यांचा खडखडाट, हमालांच्या शिव्या, स्टेशनावरच्या सूचनांचा तो नाकातला आवाज. बाबांचा जन्मही तिथलाच. आजोबा नोकरीसाठी दिल्लीत आले आणि राहिले. मी तिथल्याच मराठी शाळेत शिकले. घरात पुण्याहून पार्सलने येणारा गोडा मसाला, गूळ घातलेली आमटी, थंडीत मटार स्वस्त झाले की आठवडाभर मटारउसळ. घराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी. आईला तिथे गल्लीतल्या प्रत्येक घराची बित्तंबातमी असायची आणि गल्लीला आमची. त्या माहितीचा कुणाला काच नव्हता. कुणाची मुलगी कुणाबरोबर दिसली हे चार दिवस चघळून लोक पाचव्या दिवशी विसरत, कारण पाचव्या दिवशी नळाला पाणी आलेलं नसे.

मग सोसायटीत बाबांचा नंबर लागला. बाबा केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते आणि फ्लॅटचं पत्र आलं त्या दिवशी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा न विचारता मिठाई आणली. सहावा मजला, तीन खोल्या, दोन बाल्कन्या, लिफ्ट. भोवती सगळी कीकराची काटेरी झुडपं, सरसोंची उरलीसुरली शेतं, अर्धवट बांधलेल्या टॉवरांचे सांगाडे. मेट्रो वगैरे काही नव्हतं. तासाला एक बस यायची, ती आली तर. तिन्हीसांजेला कोल्हे ओरडत आणि त्याच वेळी खालून केबल टीव्हीवरच्या मालिकांची गाणी ऐकू येत. लोक सगळ्या दिल्लीतून आलेले, कुणी कुणाला ओळखत नव्हतं आणि प्रत्येकाला आपण कोण आहोत हे दाखवायची घाई झाली होती. कुणाकडे कॉर्डलेस फोन, कुणाकडे कपडे आपोआप वाळवणारं मशीन. आई तिथे एकटी पडली. दुपारी बाल्कनीत उभी राहून ती खाली बघायची आणि बघण्यासारखं काही नसायचं. दुसऱ्या मजल्यावरच्या खुराना आंटींनी तिला किटी पार्टीला बोलावलं, तेव्हा तिने तिची जांभळी पैठणी काढली. उन्हाळ्यात, दुपारी तीन वाजता, पैठणी. हे मी मुद्दाम सांगते आहे. पुढे तिने जे केलं त्याचं मूळ त्या पैठणीत आहे, एवढं समजायला मला वीस वर्षं लागली. समजलं म्हणून माफ केलं असं मात्र नाही.

माझं बारावीचं वर्ष होतं. अभ्यासासाठी मी गच्चीवर जायची. घरात आईचा टीव्ही आणि मिक्सर. नऊ मजल्यांवरची ती गच्ची म्हणजे सिमेंटचं मोकळं मैदान, पाण्याच्या टाक्या आणि चादरी वाळत घालायच्या तारा. विमानतळ आमच्या पूर्वेला, जवळच. विमानं इतकी खालून जात की त्यांच्या पोटावरचे डाग दिसत. पहिले काही दिवस मी दचकायची. मग पुस्तक मिटून बघायला लागले. आणि मग माझ्या लक्षात आलं की काही दिवशी विमानं पश्चिमेकडून उतरत उतरत आमच्या डोक्यावरून विमानतळाकडे जातात आणि काही दिवशी नेमकी उलटी, विमानतळाकडून चढत चढत आमच्यावरून पश्चिमेला जातात. एकाच दिवसात दोन्ही असं फार क्वचित. का? मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, त्यांचं वेळापत्रक असेल. वेळापत्रकाने दिशा कशी बदलेल, असं विचारल्यावर म्हणाले, वसू, तुझी परीक्षा कधी आहे?

तेव्हा मी एक दोनशे पानी वही केली. वेळ लिहायची. विमान चढत असेल तर च, उतरत असेल तर उ. इंजिनं दोन की चार. शेपटीचा रंग. दीड महिना लिहिलं आणि काही कळेना. एका रविवारी आईने माझ्याकडे धुतलेल्या चादरी वाळत घालायला दिल्या. मी त्या घालत होते आणि वारा असा सुटला होता की ओली चादर माझ्या तोंडावर येऊन चिकटली. ती सोडवते आहे तेवढ्यात वरून विमान गेलं, चढत. चादर पूर्वेकडे फडफडत होती आणि विमान वाऱ्याच्या तोंडात शिरून वर जात होतं. मी तिथेच खाली बसले. त्या दिवसापासून वहीत आणखी एक रकाना आला: चादर पूर्वेला उडाली तर पू, पश्चिमेला उडाली तर प. तीन आठवड्यांत सगळं साफ झालं. पू असेल तेव्हा च, प असेल तेव्हा उ. विमान चढताना आणि उतरतानाही वाऱ्याला सामोरं जातं. पाठीवर वारा घेऊन ते जमिनीला पाय लावत नाही आणि जमीन सोडतही नाही.

ही गोष्ट जगाला माहीत आहे, कुठल्याही पुस्तकात पहिल्या दहा पानांत सापडते. मला माहीत नव्हती. मी ती ओल्या चादरींवरून शोधून काढली होती, कुणाला न विचारता, आणि सतरा वर्षांच्या आयुष्यात इतका निर्भेळ आनंद मला दुसऱ्या कशाने झाला नव्हता. मी धावत खाली आले आणि आईला सांगायला लागले. आई फ्लॉवर चिरत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, चादरी आणल्यास का वाळलेल्या?

मी गच्चीवर उभी राहते हे लोकांनी कधी बघायला सुरुवात केली मला ठाऊक नाही. मी वर बघत होते आणि ते मला बघत होते. माझा दादा सुट्टीत पुण्याच्या कॉलेजातून आला की त्याच गच्चीवर सिगारेट ओढायचा, थोटकं टाकीमागे टाकायचा, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. माझ्याबद्दल मात्र खुराना आंटींनी आईला पहिल्यांदा हसत विचारलं, मग काळजीने विचारलं, मग किटी पार्टीत सगळ्यांसमोर विचारलं. रोज चार-चार तास? अकेली? हातात वही? काय लिहिते, कुणाला लिहिते? आई घरी आली. तिने मला काहीच विचारलं नाही. विचारलं असतं तर मी वही उघडून सगळे रकाने समजावून सांगितले असते, ती कंटाळेपर्यंत. तिने दुसरंच केलं. मी प्रॅक्टिकलला गेले असताना माझ्या गादीखालून ती वही काढली, दुसऱ्या मजल्यावर गेली आणि खुराना आंटींच्या हातात दिली. शंका फिटावी म्हणून, असं ती नंतर म्हणाली. आपल्या घरात लपवण्यासारखं काही नाही हे त्यांना दिसावं म्हणून. आपल्या घरात. जणू ती वही घराची होती.

खुराना आंटींना मराठी येत नव्हती, पण अक्षरं तीच. त्यांनी पानं उलटली. ५.१० उ २ प. ५.२५ उ ४ प लाल. पानामागून पान, रोजच्या वेळा आणि एकेक अक्षर. त्यांनी ती वही सोसायटीच्या सेक्रेटरींना, भल्लासाहेबांना, नेऊन दिली. भल्लासाहेब बँकेतून निवृत्त झालेले होते आणि त्यांच्याकडे दिवसभर दुसरं काही काम नव्हतं. त्यांनी दोन संध्याकाळी त्या वहीचा अभ्यास केला. माझ्या त्या वहीवर माझ्याखेरीज कुणी इतके कष्ट घेतले असतील तर त्यांनीच. आणि त्यांचा निष्कर्ष असा, की प म्हणजे पंकज.

हा पंकज सी ब्लॉकमध्ये भाड्याने राहायचा. कुठल्याशा कॉम्प्युटर कंपनीत नोकरी करणारा, लखनौचा, लग्न न झालेला. मी त्याला लिफ्टमध्ये दोनदा पाहिलं होतं. एकदा त्याच्या हातात दुधाची पिशवी होती. त्याच्याशी मी उभ्या जन्मात एक शब्द बोलले नाही.

रविवारी सकाळी खाली पार्किंगमध्ये सभा भरली. चाळीसेक माणसं, प्लास्टिकच्या खुर्च्या, चहाचा थर्मास. अजेंड्यावर जनरेटरचं डिझेल होतं, पाण्याच्या टँकरची वेळ होती आणि तिसरा विषय होता गच्चीचा गैरवापर. मला आईने आणून मागच्या रांगेत बसवलं होतं, स्वच्छ सलवार-कमीज घालून, ओढणी दोन्ही खांद्यांवर पिन लावून. भल्लासाहेबांनी नाव घेतलं नाही. एक बच्ची, असं म्हणाले. वही वर धरली, काही ओळी वाचून दाखवल्या. कुणी हसलं. मी विमानं बघते हे ऐकून असलेले एक गृहस्थ म्हणाले, विमानांच्या वेळा टिपणं हा देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे, पोलिसांत द्यायला हवं. म्हणजे एकाच वहीमुळे मी एकीकडे एका माणसाला चोरून भेटत होते आणि दुसरीकडे देशाशी बेइमानी करत होते, आणि हे दोन्ही आरोप एकमेकांना खोडून काढतात हे चाळीस शिकल्यासवरल्या माणसांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. मग भल्लासाहेबांनी मान तिरकी करून अतिशय मायाळू आवाजात मला विचारलं,

"बेटा, डरो मत। ये 'प' कौन है?"

मी उभी राहिले. मी म्हणाले,

"प म्हणजे पश्चिम. पश्चिम दिशा."

घाबरून मी मराठीत बोलले, मग हिंदीत पुन्हा सांगितलं. पुन्हा हसू. भल्लासाहेबांनी मान हलवली, पोरं असंच काहीतरी सांगणार अशा समजूतदारपणे, आणि वही काखेत मारली. मी वही परत मागितली. ती कमिटीच्या रेकॉर्डला राहील, असं ते म्हणाले. मी बाबांकडे पाहिलं.

बाबा उठले आणि त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. सरकारी मसुदे लिहिण्यात बाबांचा हात धरणारा त्यांच्या मंत्रालयात कुणी नव्हता, मोठे अधिकारी आपली टिपणं त्यांच्याकडून सुधारून घेत. त्यांनी ते पत्र वाचलं. झाल्या प्रकाराबद्दल त्यांना खेद होता. त्यांची कन्या यापुढे वडीलधाऱ्या व्यक्तीशिवाय गच्चीवर जाणार नाही. कमिटी जो निर्णय घेईल तो त्यांना मान्य राहील. त्या पत्रात एकही वाक्य खोटं नव्हतं, आणि मी काय करत होते ते सांगणारं एकही वाक्य नव्हतं. त्यांनी खाली सही केली आणि कागद दोन्ही हातांनी भल्लासाहेबांना दिला. दोन्ही हातांनी. सभा पुढे डिझेलवर गेली. त्याच दुपारी गच्चीच्या दाराला पितळी कुलूप लागलं. महिन्याभरात पंकजला फ्लॅट रिकामा करायला सांगितलं. कुटुंबांच्या वस्तीत कुँवारे भाडेकरू नकोत, असा ठराव झाला म्हणे. त्याचं सामान टेम्पोत चढताना मी बाल्कनीतून पाहत होते. खाली जाऊन त्याची क्षमा मागावी असं वाटलं, आणि खाली गेले तर सगळ्यांना हवा तो पुरावा मिळेल हेही कळत होतं. मी गेले नाही. त्या सगळ्या प्रकरणात माझी स्वतःची अशी एक चूक आहे, ती ही.

त्या रविवारी सभेवरून वर आल्यावर मी बाबांना विचारलं. ते बूट काढत होते.

"तुम्हाला खरंच वाटलं का, की मी कुणाला भेटत होते?"

"नाही," बाबा म्हणाले. "तू विमानंच बघत होतीस. मला ठाऊक होतं."

"मग सही का केलीत?"

त्यांनी एक बूट काढला, तो जागेवर ठेवला, मग दुसरा काढला. "आपल्याला इथे राहायचंय, वसू."

त्यांना शंका आली असती तर मी त्यांना कधीच माफ करून टाकलं असतं. शंका येणं माणसाचं आहे. पण त्यांना खरं माहीत होतं, आणि चाळीस माणसांत ते सांगायला एक वाक्य पुरलं असतं. माझा राग जर कुठे घर करून बसला असेल तर त्या दोन बुटांच्या मधल्या वेळात. आई आजही म्हणते, तेव्हा तसंच होतं गं. ती आता माझ्याकडेच राहते, अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, मी तिची औषधं सांभाळते, तिच्या पायांना तेल लावते. आणि ती हे म्हणाली की दर वेळी मी तिला सांगते, तसंच नव्हतं. तसं करायचं हे माणसांनी ठरवलं होतं, त्यातली दोन माझी होती.

सभेनंतर दोन दिवसांनी मी कुणाला न सांगता पहाडगंजला गेले, सोनवणेबाईंकडे. सोनवणेबाई आम्हाला शाळेत भूगोल शिकवायच्या. अहमदनगरकडच्या ख्रिस्ती, एकट्या राहणाऱ्या, एका जुन्या घराच्या गच्चीवरच्या खोलीत. त्यांच्या भिंतीवर येशूची तसबीर आणि तिच्याएवढाच मोठा जगाचा नकाशा होता. मला त्यांच्याकडून दोन गोष्टी हव्या होत्या. बाबांनी आता विद्यापीठाच्या नॉर्थ कॅम्पसला जायचा विचार सोडून द्यायला सांगितलं होतं. फिजिक्सचं वेड पुरे, जवळच्या कॉलेजात बीए कर. तेव्हा बाईंनी पालक म्हणून माझ्या फॉर्मवर सही करावी, ही एक. आणि दुसरी, कुणीतरी मला म्हणावं की तुझ्यावर अन्याय झाला. बाईंनी चहा केला, खारी पुढे ठेवली आणि ऐकत राहिल्या. सभेचं ऐकताना त्यांचा चेहरा हलला नाही. मग मी चादरींचं सांगितलं, पू आणि प, च आणि उ, आणि वाऱ्याला सामोरं जाणं. त्या जरा पुढे सरकल्या.

"आणि वारा अजिबात नसेल तेव्हा?" बाईंनी विचारलं. "तेव्हा कुठल्या बाजूने उतरतात?"

मला सांगता येईना. वारा पडलेला असेल तेव्हा मी तो रकाना कोरा ठेवला होता, पण त्या कोऱ्या ओळी एकत्र काढून कधी बघितल्या नव्हत्या. वही असती तर दहा मिनिटांत सांगितलं असतं. आणि तेव्हा मला रडू फुटलं, सभेत न फुटलेलं, बाबांसमोर न फुटलेलं. त्या सगळ्या प्रकारात लोकांनी मला शंभर प्रश्न विचारले होते. उत्तर त्यांच्या खिशात आधीच तयार होतं आणि मी फक्त मान हलवायची होती. हा पहिला प्रश्न असा होता की ज्याचं उत्तर विचारणाऱ्यालाही माहीत नव्हतं आणि हवं होतं. पुढे मी खूप वाचलं, माणसाचं स्वातंत्र्य म्हणजे काय यावर मोठमोठी माणसं काय म्हणतात तेही वाचलं. मला त्यातलं जेवढं कळतं ते त्या खारीच्या बशीसमोर कळलेलं आहे. आपल्याला माहीत नाही असं म्हणण्याची मोकळीक असेल तिथेच माणूस मोकळा असतो. आमच्या सोसायटीत सगळ्यांना सगळं आधीच माहीत होतं.

फॉर्मवर सही करायला बाईंनी साफ नकार दिला. मी तुझी पालक नाही, मी खोटं लिहिणार नाही, असं म्हणाल्या. ज्यांनी एक सही केली त्यांच्याकडूनच दुसरी घे. मला त्यांचाही राग आला. बसमध्ये दीड तास मी त्यांच्यावर धुमसत होते.

घरी येऊन मी फॉर्म जेवणाच्या टेबलावर बाबांच्या चष्म्याशेजारी ठेवला आणि म्हणाले, "त्या कागदावर सही केलीत, यावरही करा." एवढंच. मी तिथून हलले नाही. आई स्वयंपाकघरातून बघत होती. बाबांनी चष्मा लावला, पेन उघडलं, आणि न वाचता सही केली. जो माणूस दुधाचं बिलसुद्धा दोनदा वाचायचा. सोसायटीच्या पत्राचे तीन कच्चे मसुदे मी कचऱ्याच्या डब्यात पाहिले होते. मी आभार मानले नाहीत. जुलैत मला फिजिक्स ऑनर्सला प्रवेश मिळाला.

दोन बसेस, जाताना दोन तास, येताना दोन. कॉलेज संपलं की मी आणि माझी मैत्रीण रिजच्या टेकडीवर चढून हिंदूरावपर्यंत चालत जायचो, का तर तिकडे रस्ता जात होता म्हणून. ग्वाल्हेरहून आलेल्या कुणा हिंदूरावाचं नाव त्या टेकडीला आहे आणि आता तिथे मोठं हॉस्पिटल आहे. आम्ही बाहेरच्या टपरीवर शेंगदाणे घ्यायचो आणि माकडांपासून लपवून खायचो. आपण कुठे आहोत हे जगात कुणालाही ठाऊक नाही, या विचाराने मला पहिल्यांदा श्वास पुरा घेतल्यासारखं वाटायचं. चोरून काही करायचं नव्हतं. फक्त ठाऊक नसणं हवं होतं.

आणि इकडे सोसायटीत त्याच सभेतला दुसरा ठराव अमलात आला होता. गेटवर एक रजिस्टर. कॉलेजात जाणाऱ्या मुलींनी जाताना नाव, फ्लॅट, वेळ आणि कुठे जाते ते लिहायचं, आल्यावर पुन्हा वेळ. फक्त मुलींनी. गेटवर रामदुलारे म्हणून वयस्कर चौकीदार असायचे, ते ओशाळून रजिस्टर पुढे करायचे. पहिल्या दिवशी मी लिहिणार नाही म्हणाले, तर ते हात जोडून म्हणाले, बिटिया, मेरी नौकरी का सवाल है. माझ्या बंडाची किंमत त्यांच्या पगारातून गेली असती. मी पेन घेतलं. नाव लिहिलं, फ्लॅट लिहिला, सव्वासात अशी वेळ लिहिली. चौथ्या रकान्यात, कहाँ जा रही हैं, तिथे लिहिलं: नहीं बताऊँगी. रामदुलारेंनी ते वाचलं, थोडा वेळ विचार केला आणि म्हणाले, चलो, लिखा तो है. त्यांचं काम झालं होतं. मी दुसऱ्या दिवशी तेच लिहिलं, तिसऱ्या दिवशीही. ऑगस्टमध्ये डी ब्लॉकमधल्या एका बंगाली मुलीने माझ्या खालच्या ओळीत फक्त दोन आडव्या खुणा काढल्या, वरीलप्रमाणे अशा अर्थाच्या. तिच्याशीही माझी कधी ओळख झाली नाही.

एका रविवारी भल्लासाहेबांनी बाबांना खाली बोलावून घेतलं. ते वर आले तेव्हा आम्ही जेवायला बसलो होतो. आईने अळूचं फदफदं केलं होतं, दिल्लीत अळू मिळायचं कठीण, तिने कुठून तरी मिळवलं होतं. बाबांनी हात धुतले, पाटाऐवजी आता खुर्ची होती तिच्यावर बसले, भात कालवला आणि खाल्ला नाही.

"कॉलेज असं लिहायला तुझं काय जातं?" ते म्हणाले. "खरंच तर आहे ते."

"खरं आहे म्हणूनच लिहिणार नाही," मी म्हणाले. "खरं लिहिलेलं मी एकदा त्यांच्या हातात गेलेलं पाहिलंय."

आईचा हात डावावर थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

"तुझ्यामुळे मला खाली मान घालून उभं राहावं लागतं," बाबा म्हणाले.

"मान तुम्ही घालता, बाबा."

असं मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. आमच्या घरात कुणीच त्यांच्याशी असं बोललं नव्हतं. त्यांनी ताट सरकवलं, उठले, आतल्या खोलीत गेले, दार लोटून घेतलं. ते माझ्याशी त्यानंतर दिवाळीपर्यंत बोलले नाहीत, आणि ते रजिस्टर त्याआधीच कधीतरी भरून गेलं. नवीन कुणी आणलं नाही आणि ते बंद झालं असंही कुणी सांगितलं नाही. पण त्या दुपारी हे काही मला माहीत नव्हतं. मला वाटत होतं, हे आता असंच चालणार, रोज, वर्षानुवर्षं. समोर आई ताटकळून उभी होती, मी उठून बाबांच्या मागे जाईन, दार वाजवीन, चुकलं म्हणेन, याची वाट बघत. मला भूक लागली होती. मी ताट तिच्यापुढे केलं आणि भात मागितला. तिने डाव उचलला आणि वाढला.